शेटची ब्यूक, पुढून

सोमवार, ५ जुलै १९८२

आधीच सांगते, शुद्धलेखन माझं कच्चं. नववीत शाळा सुटली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिथेच बाकावर राहिलं. आणि बोटं हळू चालतात. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मग पुढचं कुठे लपलंय ते बघायचं. ळ तर अजून सापडत नाही पटकन. तर कागदा, माफ कर. दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून तुझीच माफी.

चिंतामणी मास्तरांचा टायपिंग क्लास आमच्याच चाळीत, तळमजल्यावर. इंग्रजी मशिनींवर पोरं रांग लावतात. मराठी मशीन एकच, दुपारी तिला कुणी हात लावत नाही. मास्तर पूर्वी आईच्या खानावळीत जेवायचे. आता खानावळ बंद, जेवणारे सगळे मिलच्या संपामुळे गावाला गेले. पण मास्तर म्हणाले, "ये दुपारची आणि बडव हवं ते. मी वाचत नाही, मला डुलकी लागते." खरंच लागते. आत्ता घोरतायत.

पहिला धडा — स्वतःचं नाव टाइप कर. बकुळा दत्ताराम राऊळ. बकुळा दत्ताराम राऊळ. चाळीत मला या नावाने कुणी हाक मारत नाही. मुकी म्हणतात. मुकी नाही मी. चार माणसं दिसली की शब्द घशातच बसतात, एवढंच.

मंगळवार, ६ जुलै

काय लिहायचं? गाड्यांचं लिहिते.

मी गाड्या बनवते. छोट्या. अमेरिकन. रद्दीवाल्याकडून एक मासिक मिळालं होतं, फाटकं, सगळी त्यांच्या जुन्या मोटारींची चित्रं. शेवरले, कॅडिलॅक, फोर्ड. काय गाड्या! पंख काय, शेपट्या काय. स्टेअरिंग मात्र सगळ्यांचं उलट्या बाजूला. अमेरिकेत सगळंच उलटं असेल.

लाकूड धोट्याचं. बाबा मिलमध्ये साचेवाले. साच्यावर कापड विणताना सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. झिजला की फेकतात, बाबा घरी आणायचे, आई चुलीत घालायची. मी चुलीतून काढले. मधे कांडीची पोकळी असतेच — तिथे माणसं बसतात माझी. म्हणजे बसली असती, गाडी खरी असती तर.

काचेला शर्टाच्या खोक्याचं प्लास्टिक. मागच्या दिव्याला फुटकी लाल बांगडी. चकचकीत पट्ट्यांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

जानेवारीपासून नवा धोटा नाही आला घरात.

बुधवार, ७ जुलै

बाबुरावकाका वर आले. काका बाबांच्याच खात्यातले, बाजूच्याच साच्यावरचे. आता संपाच्या कमिटीत आणि गल्लीच्या गणपतीच्या कमिटीत. दोन्हीकडे ओरडायला तेच.

यंदाचा देखावा संपाचा. मधे मिल, चिमणीला धूर नाही. गेटवर बोटभर उंचीचे प्लास्टरचे कामगार. आणि शेटची गाडी मोटरवर फिरणार. आत शिरायला बघते, कामगारांचे हात वर होतात, गाडी मागे सरते. स्पीकरवर काकांचा आवाज.

"मुके, गाडी तुझी," काका म्हणाले. "शेटची ब्यूक. हुबेहूब पायजे. बघणारा थुंकला पायजे काचेवर!"

मी मान हलवली. आतून मात्र उडाले. ब्यूक! मासिकात ब्यूकच नाही.

"दत्ताराम, सांग की रे पोरीला, कशी असते ती."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "मोठी." बस्स.

काका गेले. बाबा हल्ली असेच. दिवसभर भिंत बघतात. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. आई म्हणते माणूस घरात आहे की खुंटीवर सदरा टांगलाय, कळत नाही.

शनिवार, १० जुलै

समोरच्या चाळीतल्या विठोबाच्या तोंडाला काळं फासलं आज. गुपचूप मिलमध्ये कामाला गेले म्हणे. भर रस्त्यात. बूटपॉलिशची डबी बाबुरावकाकांच्या हातात. विठोबांनी डोळे तेवढे मिटले, आत जाऊ नये म्हणून.

त्यांच्या बायकोला नळावर पाणी भरू दिलं नाही कुणी. हंडा तसाच घेऊन वर गेली.

बाबांनी उठून खिडकी लावली.

सोमवार, १२ जुलै

गल्लीत सगळ्यांना विचारून झालं. म्हणजे आई विचारते, मी तिच्या मागे उभी.

मागून गाडी सगळ्यांना पाठ!

"म्हशीच्या ढुंगणासारखी, आणि तशीच डुलते."

"मागचे दिवे बोराएवढे."

"काचेला जांभळा पडदा." "जांभळा नाय रे, कॉफी!" "कॉफी तुझ्या सासऱ्याने पाजली काय तुला?" भांडणच लागलं.

"डिकीला पोचा आहे, मुठीखाली, डावीकडे."

मग आईने विचारलं, "आणि पुढून?"

कुणी डोकं खाजवतंय, कुणी आभाळ बघतंय. "पुढून असेल की... मोटारीसारखीच." काकांना विचारायला सकाळी गेले तर काकी म्हणाली, ते कमिटीच्या कामाला गेलेत, हल्ली सकाळचे नसतातच. संध्याकाळी भेटले. त्यांनाही सांगता येईना. स्वतःच हसले. "च्यायला, एवढी वर्षं रोज बघतोय."

बाबा भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "पुढून कोण बघणार? हॉर्न वाजला की बाजूला व्हायचं, मान खाली. गाडी गेली की मान वर. मागूनच दिसते ती."

एवढं बोलले! आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

शुक्रवार, १६ जुलै

एक धोटा अरुंद पडतो. दोन कापून शेजारी शेजारी चिकटवले, सरस लावून, सुतळीने आवळून. दोन दिवस पाट्याखाली दाबून ठेवले. आता कानशीने गोल करतेय. धोट्याचं लाकूड दगडासारखं. बोटांची सालं निघालीत, म्हणून टायपिंग आणखी हळू.

टप वेगळं केलंय, डब्याच्या झाकणासारखं निघतं. शेटची बाहुली आत बसवायची म्हणून.

सोमवार, १९ जुलै

बाबा उठले!

भाऊच्या धक्क्यावर जातात आता. पहाटे, मासळीच्या पाट्या उचलायला. कुणीतरी ओळखीने लावलं म्हणे. आई देव्हाऱ्यापुढे जरा जास्तच वेळ उभी होती. पण मला कसंतरी झालं. धोटा धरणारे हात ते. सूत तुटलं तर न बघता गाठ मारायचे.

रात्री भात मागून घेतला त्यांनी.

गुरुवार, २२ जुलै

रंग धरतच नाही. लावला की पापुद्रा होऊन उचलतो. धोट्याने इतकी वर्षं मिलचं तेल प्यायलंय, ते आतून बाहेर येतं. रॉकेलने पुसलं, सोड्याच्या पाण्याने धुतलं, पुन्हा येतं. घाम आल्यासारखं.

बाबांच्या कानाच्या पाळीवर कापसाचं तूस होतं. उशी उसवलेली दिसते, शिवायला पाहिजे.

शनिवार, २४ जुलै

आईने धोंडूकडे नेलं. धोंडूचं गॅरेज मिलच्या मागच्या गेटच्या गल्लीत आहे, गाड्यांना डुको मारतो, फवाऱ्याने मारायचा तो चकचकीत रंग. तोंड सतत चालू.

"आयला, ही बॉडी तू घासलीस? मग माझ्याकडे लाग ना कामाला. नाय? बोल तरी. बरं, नको बोलू." माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितलं. "तेल ना? पयला लाखेचा हात मार, दोनदा. तेल आत कोंडून टाक. त्यावर लांबी भर, खड्डे बुजतील, त्यावर रंग. आणि पावसाची हवा आहे, डुको पांढरा पडेल. गरम ठिकाणी सुकव."

धोंडूने रंग विचारला. आई म्हणाली हिरवा, बाटलीसारखा.

"शेटची ना ती? येते इथून रोज सकाळची. हल्ली मागच्याच गेटने येते, पुढे तुमचे लोक बसतात म्हणून." त्याने हिरव्यात काळ्याचा थेंब टाकला, ढवळला, माझ्या नखावर लावून दाखवला. तोच!

मंगळवार, २७ जुलै

लाखेचे दोन हात. तांदळाच्या रिकाम्या डब्यात गाडी ठेवून डबा चुलीजवळ. डब्यात तांदूळ नाही ते बरंच झालं म्हणायचं.

गुरुवार, २९ जुलै

काल बाबा माझ्या शेजारी बसले. आपणहून!

मी सीट करत होते. तपकिरी रेक्झिनचा तुकडा लावला होता. बाबा बघत राहिले, मग म्हणाले, "सीट कापडाची आहे."

"कसल्या?"

"राखाडी. माशाच्या काट्यासारखी वीण. डावीकडून एक ओळ उतरते, उजवीकडून दुसरी, मधे मिळतात. आपल्याकडचं कापड नाही ते, विलायती. किती वर्षांचं झालं, पण एक सूत सरकलं नाही." हाताने हवेत दाखवत होते, बोटं नुसती नाचत होती. "आणि मधे मधे एक तांबडा धागा. केसाएवढा. उजेडात धरलं तरच दिसतो. काय हात असेल गो विणणाऱ्याचा!"

मग पुढच्या सीटच्या पाठीला रेशमी दोर आहे, धरायला, तेही सांगितलं.

मी एकदम खूश. जानेवारीपासून बाबा एवढं बोललेच नव्हते. बाबांच्या लग्नातल्या कोटाचं अस्तराखालचं कापड तसंच निघालं, माशाच्या काट्यासारखं. तेच कापलं. त्यांनीच काप म्हणून सांगितलं.

तांबडा धागा घालून बघितला. एवढ्याशा सीटवर सुतळीसारखा दिसतो. काढून टाकला. कुणाला कळणारे?

सोमवार, २ ऑगस्ट

काशीबाई मासळी घेऊन आली. रोज धक्क्यावरूनच टोपली भरून आणते. आईने विचारलं, "आमचे हे दिसतात का गं तिकडे?"

"कोन, दत्ताराम? धक्क्यावर?" काशीबाईने टोपली खाली ठेवली. "मी पहाटेपासून तिथंच बसते. मना तर एक दिस नाय दिसला तुझा घोव."

आई म्हणाली, "गर्दी असते ना."

"गर्दी तर असतेच," काशीबाई म्हणाली, आणि टोपली उचलून दुसऱ्या दारात गेली.

संध्याकाळी मी उशी शिवायला घेतली. उशी कुठेच उसवलेली नाही. आईने माझ्या हातातली सुई बघितली, उशी बघितली. "ठेव ती," म्हणाली.

बुधवार, ४ ऑगस्ट

आज चुका होतील.

गाडीचं मागचं झालं, बाजू झाल्या, टप झालं. पुढचं राहिलं होतं. नुसतं बोडकं लाकूड. म्हणून गेले. एकटी. आईला सांगितलं पाव आणते. धोंडूच्या गॅरेजपुढे वळण आहे, तिथे गाडी हळू होते. उजाडलं होतं नुकतं. मागच्या गेटवर दोन हवालदार बिड्या ओढत होते.

हॉर्न वाजला. माझी पण मान खाली जायला लागली, आपोआप. मी कधी मिलमध्ये कामाला नव्हते तरी. मनात म्हटलं, बकुळे, वर बघ. एवढ्यासाठी आलीस.

बघितलं. दात आहेत! पुढे सगळे दात, उभे, चकचकीत, वरून खाली बंपरवर उतरलेले. गाडी हसत येत होती. आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं इतकी वर्षं, की ती हसते.

मग काच दिसली. बाजूला पडदे, मागे पडदा, पण पुढच्या काचेला पडदा नसतो ना. ड्रायव्हर. मागच्या सीटवर शेट नव्हता. माणसं होती, दाटीवाटीने, तोंडाला पंचे गुंडाळलेली. मधल्याचा पंचा सरकला होता, एका हाताने दोर धरलेला.

बाबा.

त्यांनी मला बघितलं. मी रस्त्याच्या मधेच होते. मग त्यांनी मान खाली घातली. आत बसूनसुद्धा.

गाडी गेली. मागून बघितली. म्हशीसारखी डुलत गेली, पोचा, बोराएवढे दिवे, पडदा. जांभळाच आहे पडदा.

पाव न घेताच घरी गेले. आईने विचारलं नाही.

गुरुवार, ५ ऑगस्ट

काल बाबा आले. हात धुतले. जेवले. मी तोंड खाली घालून लाकूड घासत होते.

म्हणाले, "दात बघितलेस?"

"हो."

"मग नीट कर."

एवढंच. थोड्या वेळाने उठून माळ्यावरून फणीचा तुकडा काढून दिला. साच्याची फणी, उभे धागे जिच्यातून जातात ती. बारीक लोखंडी पट्ट्यांची. "याचे होतील दात," म्हणाले.

होतील. झालेच.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

मला राग यायला पाहिजे. येत नाही. मला नुसता विठोबाचा चेहरा दिसतो, डोळे मिटलेला. काळं फासलेला. आणि मग त्याच्या जागी दुसरा.

सोमवार, ९ ऑगस्ट

डुकोचे चार हात. प्रत्येक हात सुकला की पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासायचा, तुळतुळीत. शेवटी पांढरी दंतमंजन पावडर, ओल्या फडक्यावर. आता तिच्यात चुलीचा जाळ दिसतो. माझं तोंडपण दिसतं, वाकडं.

इतकी चांगली गाडी मी कधी केली नव्हती. आणि हीच.

बाबांनी हातात घेतली, पुढून बघितली. खूप वेळ. मग मी म्हटलं, बोलले मी, "जाऊ नका ना उद्यापासून."

"न जाऊन?" बाबा म्हणाले. "भिंतीकडे बघत बसू?" मग गाडी खाली ठेवून, "साचा चालू झाला की कान भरतात आवाजाने. मग काही ऐकू येत नाही. बरं वाटतं."

आई पाठमोरी भांडी लावत होती. तिने एक भांडं दोनदा लावलं.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

काका गाडी न्यायला आले.

आधी ओरडलेच. "अगं ए मुके! हा तर बाँब केलास तू! अरे बघा, बघा, दात बघा शेटचे!" जिन्यातून चार पोरं बोलावली. मग शेटची बाहुली बसवायला टप काढलं.

आणि थांबले.

अंगठा सीटवर फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. बाबा फिरवतात तसाच, कापड बघताना. हसणं गेलं तोंडावरचं.

"ही वीण तुला कुणी सांगितली?"

पोरं बघतायत. बाबा दारात उभे. आईच्या हातातला चमचा तसाच.

"मासिकात..." मी म्हटलं. "मासिकात होतं."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी काकांकडे. साच्यावर शेजारी शेजारी एवढी वर्षं उभे राहिलेले दोघं. आवाजात बोलता येत नाही म्हणून साचेवाले डोळ्यांनी बोलतात, बाबाच सांगायचे.

"बरं," काका म्हणाले. टप लावलं. गाडी पंच्यात गुंडाळून घेऊन गेले.

मासिकात ब्यूक नाही, हे काकांना माहीत आहे. मीच पानं उलटून दाखवली होती.

शनिवार, १४ ऑगस्ट

मी काय केलं हे. मला रेक्झिनची सीट चालली असती. कुणाला कळलं असतं?

आई म्हणते, "नळावर जाताना मान वर ठेव." ती स्वतः रोज ठेवते. म्हणजे तिला माहीत आहे.

सोमवार, १६ ऑगस्ट

काही झालं नाही. रोज जिन्यात पावलं वाजली की वाटतं, आले. बूटपॉलिशचा वास आला की वाटतं, आले. क्लासला येणाऱ्या पोराचे बूट होते.

बाबा जातातच. पहाटे दार लोटल्याचा आवाज येतो. मी जागीच असते.

शुक्रवार, २० ऑगस्ट

दोन दिवस क्लास बंद होता. आता पोलिसांचाच संप झाला म्हणे! लालबागला दगड, जाळपोळ, मिलिटरी आली. मास्तर म्हणतात संप करायचं कुणी राहिलंच नाही आता, फक्त गणपतीच उरलेत.

बाबा दोन दिवस घरी होते. भिंतीकडे तोंड.

सोमवार, २३ ऑगस्ट

काल गणपती बसले. देखावा चालू झाला. मिल, गेट, कामगार, सगळं मोठ्या काचेच्या पेटीत. पेटीला कुलूप, चावी काकांच्या गळ्यात. पोरं हात घालतात म्हणून.

मी खांबाच्या मागून बघितलं. दिवे मंद होतात. गाडी निघते, दात चमकतात. स्पीकरवर काका, "ही बघा शेटची गाडी! कुणाच्या घामावर चकाकते ही?" कामगारांचे हात वर. गाडी मागे. मग शेवटचं वाक्य, त्याला काकांचा आवाज चढतो, "आणि आमच्यातला जो आत गेला, त्याला ही गल्ली पाणी देणार नाही!"

टाळ्या. पुन्हा पहिल्यापासून.

घरी खिडकी लावली तरी ऐकू येतं. बाबा पाय दुखतो म्हणतात, खाली उतरत नाहीत.

गुरुवार, २६ ऑगस्ट

लफडं झालंय. लोक गाडीच बघायला येतायत! लालबागहून रांग. "दात बघितले का? चला, दात दाखवतो." पोरं काचेला नाक लावून, बाया लेकरांना उचलून. कामगारांकडे कुणी बघतच नाही. एका म्हाताऱ्याने तर गाडीला नमस्कार केला, सवयीने.

कमिटीतला एक काकांवर ओरडला, "शेटला शिव्या घालायला देखावा केलाय का त्याची आरती करायला? त्या मुकीला सांग, गाडीवर ओरखडे मार म्हणावं!"

काका म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही गाडीला."

कसल्या आवाजात म्हणाले! मग त्यांनी मला बघितलं, खांबाआड, आणि मान फिरवली.

शनिवार, २८ ऑगस्ट

काकी म्हणाली, हे जेवत नाहीत नीट. रात्रीचे मांडवातच बसतात, राखणीला.

मंगळवार, ३१ ऑगस्ट

उद्या विसर्जन. आई म्हणते, गणपती आहेत तोवर कुणी काही करणार नाही, मंडपासमोर तमाशा नको म्हणून थांबलेत. मग परवा. तिने माझे दोन परकर आणि स्वतःची दोन लुगडी पिशवीत भरून ठेवलीत, गावाला जायचं झालं तर. बाबांचा सदरापण. पिशवी दारामागे आहे.

गुरुवार, २ सप्टेंबर

गणपती गेले. रात्री काका मिरवणुकीत पुढे होते, पण नाचले नाहीत. दरवर्षी नाचतात.

आज दिवसभर कुणी आलं नाही. मांडव सोडतायत, बांबूंचे आवाज येतायत. प्रत्येक आवाजाला आई दाराकडे बघते.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

गाडी परत आली. काल संध्याकाळी दारात ठेवलेली, पंच्यात गुंडाळून. ठेवणारा हाक न मारता गेला.

टप काढलं. शेटची बाहुली नव्हती आत. सीटमधे तांबडा धागा होता. बाहेरून चिकटवलेला नाही, विणलेला. एक सूत वर, एक सूत खाली, केसाएवढा. उजेडात धरलं तेव्हा दिसला. बरोब्बर जागेवर.

तांबड्या धाग्याचं बाबांनी फक्त मला सांगितलं होतं. "तुम्ही घातलात?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "मी खाली उतरलोय कुठे?" मग सीट त्यांनी उजेडात धरली आणि हात खाली घेतलाच नाही. "चावी कुणाकडे होती? गाडीत काय, खात्यात काय, पंचा कुणी सोडत नाही."

पिशवी उघडून आईने सदरा परत खुंटीला लावला.

मास्तर उठवतायत, मशीन झाक म्हणतात — काशीबाईच्या सुनेला मुलगी झाली, जिलबी आलीय.